हिल स्टेशन नको, डोंगरातलं जुनं गाव हवंय (निवांत राहण्यासाठी)

अर्धा_कप_चहा

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी चार दिवस मी आणि आई उत्तराखंडातल्या अल्मोड्याला पोचलो आणि सव्वीस दिवस राहून आलो, तेव्हापासून ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत जो तो एकच विचारतोय, "सव्वीस दिवस? एवढं बघण्यासारखं काय आहे तिथे?" आणि दर वेळी माझं उत्तर काहीतरी गुळमुळीत होतं, म्हणून म्हटलं इथे सविस्तर लिहावं आणि तुमच्याकडूनही अशी गावं काढून घ्यावीत.

मला काय म्हणायचंय ते आधी सांगते. मसुरी, नैनिताल, डलहौसी ही गावं साहेबाने उन्हाळ्यात गारव्याला जायला वसवली. तिथे पहिल्यापासून पाहुणाच राजा, त्यामुळे अख्खं गाव पाहुण्याकडे तोंड करून बसलेलं. पण डोंगरात काही गावं साहेब यायच्या कितीतरी आधीची आहेत, कुणाची राजधानी होती, कुणाची पेठ होती, आणि त्यांना तुमचं काही पडलेलं नाही. आलात तर या, बसा. अल्मोडा तसलं आहे. चंद राजांनी सोळाव्या शतकात चंपावतहून राजधानी इथे आणली, १७९० ला गोरखे आले, १८१५ ला इंग्रज आले, आणि या सगळ्या भानगडीत बाजार आपला चालूच.

गाव आहे घोड्याच्या खोगिरासारख्या धारेवर, साधारण १६४० मीटरवर. बस तुम्हाला खाली माल रोडवर सोडते आणि पहिल्या नजरेला गाव अगदी भिकार वाटतं हे मी प्रामाणिकपणे सांगते. सिमेंटच्या इमारती, हॉर्न, मोबाईलची दुकानं. आई म्हणाली, "हेच बघायला तीन वाहनं बदलली का गं?" मग वर जाणारा एक जिना चढलो आणि धारेच्या माथ्यावर जुना बाजार लागला. लाला बाजार, कारखाना बाजार, खजांची मोहल्ला, थाना बाजार असं एकामागे एक लांबच लांब, पायीच चालायचं. मधेच जुनी घरं, देवदारावर कोरलेल्या चौकटी, वरच्या मजल्याच्या खिडकीतून कुणीतरी वाकून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करतंय. पूर्वी सगळीकडे पटाल म्हणजे इथल्याच दगडाच्या फरश्या होत्या, आता बऱ्याच ठिकाणी कोटा घातलाय आणि त्यावरून घसरून पडलेला प्रत्येक माणूस नगरपालिकेचा उद्धार करतो. (आईही एकदा बसली. करेक्ट तिथेच केला उद्धार. मराठीत.)

दसऱ्याचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. इथे एकटा रावण नसतो, त्याचं सगळं खानदान असतं. प्रत्येक मोहल्ला एकेक पुतळा करतो, कुणाचा मेघनाद, कुणाचा कुंभकर्ण, कुणाची ताडका. आमच्या खोलीच्या खालच्या चौकात मकराक्षाचं काम चाललेलं, लोखंडी सांगाडा, त्यात पेंढा आणि गोणपाट कोंबलेलं, वरून कापड. तीन संध्याकाळी आई तिथे खुर्ची टाकून बसली. तिसऱ्या दिवशी तिला विचारायला लागले की, आमाजी, मिशी एवढी ठीक आहे का. ती म्हणाली डावी बाजू चढलीय. उतरवून पुन्हा लावली त्यांनी! मिरवणुकीत मकराक्ष आला तेव्हा ती शेजारणीला कोपराने ढोसून सांगत होती की ही मिशी माझी.

आणि आडनाव. आमचं जोशी. चहाच्या टपरीवर एका आजोबांनी नाव विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न, "कहाँ के जोशी? झिजाड़ के या गल्ली के?" मी म्हटलं, महाराष्ट्र के. तर आजोबा म्हणाले, "सब वहीं से आए हैं, तुम देर से आए." कुमाऊँतले पंत आणि बरेचसे जोशी आपले मूळ पुरुष महाराष्ट्रातून, कोकणातून आले असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. आजोबांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत, आणि त्यानंतर बाजारात आम्ही "वो महाराष्ट्र वाले जोशी" झालो ते शेवटपर्यंत.

बाकी रोजचं म्हणाल तर काहीच नाही. सकाळी नऊ ते दुपारी माझं ऑफिसचं काम, आई तोवर भाजी आणते, तासभर लावते, कारण प्रत्येकाशी बोलते. गहत म्हणजे आपले कुळीथ, मंडुवा म्हणजे नाचणी, हे दोन शोध लागल्यावर तिला घरी आल्यासारखंच वाटलं. दुपारनंतर चालायला. पहिले चार दिवस हिमालय ढगात होता, पाचव्या दिवशी सकाळी दात घासताना समोर त्रिशूळ आणि त्याच्या बाजूला नंदादेवी, ब्रश तोंडात तसाच.

तर आता तुमचं सांगा. अट एकच, गाव जुनं आणि चालतं-बोलतं हवं, पर्यटकांवर जगणारं नको. आणि निदान दहा दिवस राहण्याजोगं.

ठाणेकर_बाबूराव

वाचलं, मिशीचा किस्सा आवडला. पण एक बोलू का, राग मानू नका. हे निवांत प्रवास वगैरे वर्क फ्रॉम होमवाल्यांचे लाड आहेत. आमच्यासारख्याला वर्षाला आठ दिवस सुट्टी मिळते, त्यात बायको, दोन पोरं, एक सासूबाई. आठ दिवसांत एकाच गावात बसून कुळीथ खायचे? ते मी ठाण्यात पण खातो. आठ दिवसांत नैनिताल, कौसानी, रानीखेत, मुक्तेश्वर, सगळं होतं, ड्रायव्हर चांगला हवा फक्त.

अर्धा_कप_चहा

बाबूराव, राग कसला. तुमची सुट्टीची अडचण खरी आहे, पण तुमच्या त्या आठ दिवसांतले तास मोजा एकदा. हल्द्वानीहून वर निघालं की वीकेंडला कैंची धामपाशीच (नीम करोली बाबांचा आश्रम) किती वेळ अडकाल सांगता येत नाही. मग रोज बॅगा भरा, उतरवा, पोरांना उलट्या. मी २०१७ साली तसंच केलेलं, कौसानी म्हटलं की मला आठवतं ते हॉटेलच्या गिझरचं बटन आणि सूर्योदयाला गच्चीवर चाळीस माणसं मोबाईल वर करून. वाईट नव्हतं. पण ज्या कौसानीत गांधीजी १९२९ मध्ये राहिले आणि गीतेवरच्या अनासक्तियोगाची प्रस्तावना लिहिली, ती ही जागा, हे मला घरी आल्यावर कळलं.

आठच दिवस असतील तर एकाच गावात राहा आणि तिथून एसटीने जा-ये करा, एवढंच म्हणते मी. अल्मोड्याहून चितईचं गोलू देवतेचं देऊळ आठेक किलोमीटर, तिथे हजारो घंटा टांगल्यात आणि लोक चक्क स्टॅम्प पेपरवर अर्ज लिहून बांधतात देवाला, कारण हा न्याय देणारा देव. पोरांना वाचायला बसवा, जमिनीचे वाद, नोकरी, लग्न, परीक्षेचा निकाल. जागेश्वर ३५ किलोमीटर, देवदाराच्या दाट झाडीत शंभरावर दगडी देवळांचा समूह, सकाळच्या जीपने जाऊन संध्याकाळी परत. आणि कटारमलचं सूर्यमंदिर, रस्त्यावरून वर चढून जायचं, आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघी आणि एक कुत्रं.

निवांत_नाना

अल्मोड्याचं नाव वाचून राहवलं नाही. दोन-तीन गोष्टी जोडतो.

एक, उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत अल्मोड्याजवळच्या खूंट गावचे, जन्म १८८७ चा. त्यांचं घराणं मूळ कऱ्हाडे. म्हणजे तुमच्या चहावाल्या आजोबांचं बोलणं उगाच नव्हे.

दोन, उदय शंकर यांनी १९३८ मध्ये नृत्याचं केंद्र काढलं ते इथे, मुंबईत नाही की कलकत्त्यात नाही. झोहरा सहगल तिथे शिकवायच्या आणि गुरुदत्त तिथे शिकायला होते. युद्धाच्या काळात ते बंद पडलं. मी १९९१ साली गेलो तेव्हा सिमतोलाच्या बाजूला फिरत बसलो होतो, ती जागा नेमकी कुठली हे विचारत, तर एका गुराख्याने मला बराच वेळ चालवून एका पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि म्हणाला, यही है. असो.

तीन, मलेरिया डासांमुळे होतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस जन्मले अल्मोड्यात, १८५७ साली. डास नसलेल्या थंड गावात जन्मून आयुष्यभर डासांचीच पोटं फाडली गृहस्थाने.

तुमच्या हिल स्टेशन आणि जुनं गाव या वाटणीशी मी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के यासाठी नाही, की अल्मोड्यातही छावणी होती, माल रोड साहेबाचाच. पण बाजार वर आणि माल रोड खाली, हा क्रम बघा. शिमल्यात उलटं दिसेल.

रावीकाठची

माझ्याकडून चंबा! हिमाचलातलं. ह्यांची बदली तिथे होती म्हणून मी सलग दोन वर्षं राहिलेय, त्यामुळे मी जरा पक्षपाती आहे आधीच सांगते.

लोक डलहौसीला येतात, खज्जियारला घोड्यावर बसतात, आणि परत फिरतात. खज्जियारहून चंबा फक्त २४ किलोमीटर खाली आहे पण तिथपर्यंत फारच थोडे येतात. साहिल वर्मन राजाने दहाव्या शतकात भरमौरहून राजधानी इथे हलवली, मुलीच्या म्हणजे चंपावतीच्या नावावरून चंबा. हजार वर्षं झाली आणि गाव अजून त्याच आकारात आहे, मधे चौगान म्हणजे मोठं मोकळं गवताचं मैदान, त्याच्या एका कडेला बाजार, खाली रावी, वर लक्ष्मीनारायणाची दगडी शिखरांची देवळं. शिखरावर लाकडी छत्र्या, बर्फासाठी, त्या दगडावर घातलेल्या टोप्यांसारख्या दिसतात. संध्याकाळी अख्खं गाव चौगानवर. म्हातारे एका बाजूला, पोरं क्रिकेट, बायका भुईमूग सोलत. मी दोन वर्षं रोज संध्याकाळी तिथेच. थंडीत गवत वाढावं म्हणून मैदान बंद ठेवतात, तेव्हा गावाचा चेहराच उतरतो.

मला तिथे लागलं ते चंबा रुमालाचं वेड. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, मलमलीवर रेशमाने केलेलं भरतकाम, आणि दोन्ही बाजूंनी हुबेहूब तेच चित्र. दोरुखा टाका म्हणतात. मी शिकायला बसले तर पहिला महिना नुसती पानं. रेशमाला पीळ नसतो, त्यामुळे जरा ओढलं की केस उभे राहिल्यासारखा दोरा फुलतो, आणि गाठ मारायची सोय नाही कारण मागची बाजूही पुढचीच. शिकवणाऱ्या बाई रुमाल उलटा करून बोट फिरवायच्या. एकदा त्यांचं बोट अडकलं. काही बोलल्या नाहीत, कात्रीने सगळं पान उसवलं आणि परत दिलं. मी घरी येऊन रडले होते, खरंच सांगते. शेवटी दोन वर्षांत एक राधा आणि दीड गाय झाली. गोधूलीचं चित्र करायचं होतं! जुने रुमाल भूरी सिंह संग्रहालयात बघायला मिळतात, १९०८ पासूनचं आहे ते.

आणखी एक, सुई माता. गावाला पाणी यावं म्हणून राणीने स्वतःला पुरून घेतलं अशी कथा आहे, आणि तिची जत्रा चैत्रात, फक्त बायका आणि मुलांची. पुरुषांना काम नाही त्यात. ह्यांनी घरी पिठलं-भात केला त्या दिवशी, पिठलं करपलं.

लक्षात ठेवा, चंबा जेमतेम हजार मीटरवर आहे. मे महिन्यात थंड हवेसाठी गेलात तर शिव्या द्याल मला. ऑक्टोबर, नोव्हेंबर किंवा मग मार्च. मिंजरची जत्रा श्रावणात, बघण्यासारखी, मक्याच्या तुऱ्यासारखा रेशमी गोंडा सगळे कपड्याला लावतात, पण पावसाळ्यात रस्ते बंद व्हायची भीती. पठाणकोटहून १२० किलोमीटर, बस पाचेक तास घेते. आणि चुख आणा येताना, मिरचीचं ते, भाकरीबरोबर खा आणि मला आठवा.

लोणारचा_गोटा

लय भारी धागा आहे बा. फक्त मले सांगा खर्च किती येते? अन राहाची सोय कशी पाहाची? पंचवीस दिवस हाटेलात राहिलो तर किडनी इकाव लागन.

अर्धा_कप_चहा

गोटे भाऊ, हॉटेल नाही घ्यायचं. आम्ही पहिले तीन दिवस साध्या लॉजवर काढले आणि त्या तीन दिवसांत खोली शोधली. किराणा दुकानात विचारायचं, हा माझा ठाम सल्ला, ऑनलाइनपेक्षा किराणावाल्याला जास्त माहिती असते. दोन खोल्या, गॅसची शेगडी, संडास-न्हाणीघर आत, महिन्याचे १३ हजार ठरले आणि ते आम्ही पूर्ण महिन्याचे दिले. भाजी-किराणा-दूध मिळून दोघींना साडेसात-आठ हजार. दिल्लीहून काठगोदामला रात्रीची रेल्वे, पहाटे उतरलं की शेअर जीप किंवा केमूची बस. केमू म्हणजे कुमाऊँ मोटर ओनर्स युनियन, छोट्या जुन्या बसेस, पुढची सीट मिळाली तर बघत जा, मागची मिळाली तर लिंबू ठेवा. ९० किलोमीटर आहे पण चार तास धरून चाला, आणि पावसाळ्यात क्वारबपाशी दरड आली तर रानीखेतकडून लांबचा वळसा.

आता वाईट बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल सगळं गोग्गोड लिहिलंय.

पाणी. कोसी नदीतून पंपाने वर चढवतात आणि जोराचा पाऊस झाला की गाळ येऊन पंप बंद. आमच्याकडे दोन दिवस नळ आला नाही. पूर्वी गावात शेकडो नौले होते, नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेली दगडी कुंडं, पायऱ्यांची, वर छप्पर. बरेच बुजले, पण आमच्याजवळचा एक चालू होता. घरमालकीणबाई कळशी घेऊन निघाल्या, मी बादली घेऊन मागे. तिथे चपला बाहेर काढायच्या, हे मला माहीत नव्हतं, एका मुलीने खुणेने सांगितलं. त्यानंतर घरात भांडी घासताना माझा हात आपोआप आखडला.

माकडं. गच्चीवर काही म्हणजे काही ठेवू नका. आईचा एक ब्लाउज अल्मोड्यातच राहिलाय.

जिने. आईला ६८ वर्षं, एक गुडघा दुखरा, रोज निदान दोनशे पायऱ्या झाल्या. तिला झेपलं, सगळ्यांना झेपेल असं नाही. गावात मेडिकल कॉलेज आहे एवढा धीर होता.

मे-जूनमध्ये चीडच्या म्हणजे पाइनच्या जंगलांना वणवे लागतात, धुरात हिमालय दिसत नाही. आणि संध्याकाळी अंधार पडला की गावाबाहेरच्या वाटेवर एकटं जायचं नाही, बिबट्या असतो. हे अगदी सगळ्यांनी बजावलं.

तांबडा_पांढरा

किराणावाल्याला विचारा हे शंभर टक्के बरोबर. मी उलटं केलं आणि फसलो. नाव घेत नाही, पण कुमाऊँतच एका होमस्टेचे फोटो बघून पंधरा दिवसांचे पैसे आधीच भरले. फोटोत खिडकीतून पाच शिखरं! प्रत्यक्षात खिडकी उघडली तर समोर शेजारच्याची पाण्याची काळी टाकी आणि त्यावर वाळत घातलेली चड्डी. मी म्हटलं हिमालय कुठाय, तर मालक म्हणतो, सर, फोटो ऊपर वाली सड़क से लिया है, दो किलोमीटर. पैसे परत मागितले तर पॉलिसी दाखवली. रात्री बारापर्यंत वरच्या खोलीत दिल्लीचा ग्रुप गाणी लावून. चौथ्या दिवशी निघालो, अकरा दिवसांचे पैसे गेले ते गेलेच. बायको आजही कुठं जायचं म्हटलं की विचारती, टाकी दिसणार का?

डोंगरी_भटक्या

नेपाळचं बंदीपूर कुणी कसं काय सांगितलं नाही अजून. नानांनी मलेरियाचा विषय काढलाच आहे तर तिथूनच सुरू करतो, कारण हे गाव मलेरियामुळे वसलं आणि मलेरिया गेल्यामुळे ओस पडलं.

काठमांडू-पोखरा रस्त्यावर डुम्रे लागतं, तिथून आठ किलोमीटर वर, धारेवर, साधारण १००० मीटरवर बंदीपूर. भक्तपूरकडचे नेवार व्यापारी इथे येऊन राहिले कारण खालच्या खोऱ्यात आणि तराईत डासांनी माणूस टिकत नव्हता, आणि वर धारेवर हवा स्वच्छ. तिबेट आणि हिंदुस्थान यांच्या मधला माल इथून जायचा. बक्कळ पैसा, विटांची तीन-तीन मजली घरं, कोरीव खिडक्या, दगडी फरसबंदीची पेठ. मग १९५० नंतर फवारण्या होऊन मलेरिया हटला, लोक खाली उतरले. त्यावर कडी म्हणजे सत्तरच्या दशकात पृथ्वी राजमार्ग झाला तो खालून, जिल्ह्याचं ठाणं दमौलीला गेलं. व्यापारी नारायणगढला निघून गेले आणि घरांना कुलपं. नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं वाचलं. पुढे पर्यटनासाठी ती घरं दुरुस्त झाली, पेठेत गाड्यांना बंदी.

आता इमानदारीने, जोशीबाईंच्या अटीत हे बसतं का? अर्धंच. पेठेतलं जवळपास प्रत्येक दुसरं घर आता कॅफे किंवा गेस्ट हाऊस आहे. पण शनिवार सोडून या, आणि पेठ संपली की उत्तरेच्या टुंडीखेलच्या कड्यावर बसा, समोर मनास्लूपासून अन्नपूर्णेपर्यंत ओळ. मी सहा दिवस राहिलो. चौथ्या दिवशी गेस्ट हाऊसच्या आजींनी मला लसूण सोलायला बसवलं आणि सहाव्या दिवशी बिलातून दोन जेवणं कमी केली. आपल्याला व्हिसा नको, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६०, हिशोब सोपा.

मिसो_आणि_मेतकूट

जपानमधून हजेरी. किसो खोऱ्यात त्सुमागो नावाचं डोंगरातलं गाव आहे, एदो काळात क्योतो ते एदो (आताचं टोकियो) या जुन्या पायवाटेवरचा मुक्काम. याचंही बंदीपूरसारखंच झालं, रेल्वे आणि मोटाररस्ता बाजूने गेले आणि गाव मागे पडलं. मग साठच्या दशकाच्या शेवटी गावकऱ्यांनीच जुनी घरं जपायला घेतली आणि १९७१ मध्ये सगळ्यांनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या, घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या नाहीत, तारा दिसत नाहीत. मागोमे ते त्सुमागो आठ किलोमीटर चालत येता येतं, वाटेत अस्वलं पळवायला घंटा टांगल्यात, जाणाऱ्याने वाजवायची. मी जोरजोरात वाजवली, मुलगी म्हणाली आई, देवळात नाहीयोत आपण.

पाचला दुकानं बंद झाली आणि बसेस गेल्या की गाव खरं दिसतं, त्यामुळे एक रात्र तरी तिथेच राहा. पण दहा दिवस नाही राहवणार, खिशाला तर मुळीच नाही.

ठाणेकर_बाबूराव

एवढे लांब कशाला जाताय, माथेरान आहे की! गाड्यांना बंदी आपल्याकडे पहिल्यापासून आहे, लाल माती, मिनी ट्रेन १९०७ पासून.

निवांत_नाना

बाबूराव, माथेरान मलाही प्रिय आहे, पण ते साहेबानेच वसवलेलं, आणि शनिवारी दस्तुरीच्या नाक्यावर उतरून बघा, गाव तुमच्याकडे तोंड करून बसलंय की नाही ते घोडेवालेच सांगतील. सोमवारी दुपारी मात्र वेगळं असतं. आम्ही पावसाळ्यात सोमवार ते गुरुवार जायचो, निम्मं माथेरान बंद, आणि खानावळीच्या बाई स्वतःसाठी केलेली अळूची भाजी वाढायच्या.

रावीकाठची

@अर्धा_कप_चहा, तांबटांबद्दल लिहिलं नाहीस का गं? अल्मोड्याची तांब्याची भांडी म्हणे प्रसिद्ध.

अर्धा_कप_चहा

अय्या, राहिलंच की! टम्टा मोहल्ला. टम्टा म्हणजे तांबट. पूर्वी घरोघरी ठोक ऐकू यायची म्हणतात, आता थोडेच उरलेत कारण मशीनचा माल स्वस्त पडतो. आम्ही एका काकांकडे दोन-तीनदा जाऊन बसलो. गागर म्हणजे आपली कळशी, वरचा भाग वेगळा ठोकतात, पोट वेगळं, मग जोडतात. ठोकताना ते भांड्याकडे बघतच नाहीत, बाहेर गल्लीत बघतात आणि कानाने ओळखतात, जिथे आवाज बदलला तिथे पत्रा अजून जाड. आईने कळशी घेतली, वजनावर भाव. विमानात बॅगेत बसेना म्हणून मांडीवर घेऊन आली. सिक्युरिटीवाल्याने आत हात घालून बघितला, आत बाल मिठाईचा डबा निघाला. (भाजून तपकिरी केलेला खवा, वर साबुदाण्यासारख्या पांढऱ्या साखरगोळ्या. पंधरा दिवस टिकते. मालूच्या पानात गुंडाळलेली सिंगोडी मात्र तिथेच खा, ती नाही टिकत.)

ठाणेकर_बाबूराव

चार महिन्यांनी धागा वर काढतोय. गेलो होतो. हसू नका.

मार्चमध्ये, सगळे मिळून, अल्मोड्यात सात रात्री एकाच जागी. खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी मी आणि मोठा मुलगा दोघंही जाम कंटाळलो, गाडी करून बिनसरला जाऊन आलो. कैंचीला जाताना दोन तास अडकलो ते वेगळंच. कोटा फरशीवर धाकटा पडला. सासूबाईंना पायऱ्या झेपल्या नाहीत, त्या खोलीवर बसून घरमालकिणीबरोबर वड्या वाळत घालत होत्या, त्यांचा मुक्काम आमच्यापेक्षा चांगला झाला असं त्यांचं म्हणणं. काकडीच्या रायत्यात मोहरी एवढी की नाकातून धूर.

चितईला पोराने स्वतःचा अर्ज बांधला, काय लिहिलं ते दाखवत नाही. दहावी आहे यंदा.

चहाच्या टपरीवर आजोबा भेटले, बहुतेक तेच. नाव विचारलं. आमचं आडनाव जोशीही नाही आणि पंतही नाही, तर म्हणाले, कोई बात नहीं, बैठो. पैसे घेतले मात्र.

आता कामाचं. टम्टा मोहल्ल्यातून तांब्याचं पातेलं घेतलं, आतून कल्हई न केलेलं, घाईत लक्षातच आलं नाही. हिने त्यात आमटी केली, चिंच घालून. आमटी टाकावी लागली. ठाण्यात किंवा कळव्यात कल्हईवाला आहे का कुणाच्या माहितीत? पूर्वी दारावर यायचे.

तांबडा_पांढरा

खिडकीतून टाकी दिसली का ते सांगा आधी.

ठाणेकर_बाबूराव

दोन दिसल्या. मधून त्रिशूळ.

निवांत_नाना

बाबूराव, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात विचारा, ते कुणालातरी बोलावून देतात. पातेलं चिंचेने घासून न्या, आणि नवसागराचा धूर होतो तेव्हा पोरांना जरा लांबून दाखवा, बघण्यासारखं असतं.